स्वीट पीला नवे रूप देणारे हेन्री एकफर्ड

१९०० सालच्या जुलै महिन्यात लंडनच्या क्रिस्टल पॅलेस या प्रचंड काचघरात एकाच फुलाचे प्रदर्शन भरले होते. फूल होते स्वीट पी. वाटाण्याच्या कुळातली ही वेल इंग्लंडमध्ये आल्याला दोनशे वर्षे झाल्याचे निमित्त होते. प्रदर्शनात स्वीट पीचे २६४ वाण मांडले होते आणि त्यांपैकी ११५ एकाच माणसाने तयार केलेले होते. त्या माणसाचे नाव हेन्री एकफर्ड. वय ७७ वर्षे. आयुष्यातला बराचसा काळ त्यांनी दुसऱ्यांच्या बागा सांभाळण्यात घालवला होता. ज्या आनुवंशिकतेच्या नियमांवर त्यांचे सगळे काम उभे होते, ते नियम त्यांना कोणी शिकवलेले नव्हते. तरीही आज बागेत दिसणाऱ्या जवळजवळ प्रत्येक स्वीट पीच्या वंशावळीत कुठेतरी एकफर्ड यांचा हात आहे.

स्वीट पी मूळची इटलीच्या दक्षिणेकडची. सिसिली बेटावरच्या फ्रान्सिस्को कुपानी या धर्मगुरूने १६९९ मध्ये तिचे बी इंग्लंडमधल्या रॉबर्ट युव्हडेल या शिक्षकाकडे पाठवले. गडद लाल-किरमिजी वरची पाकळी, जांभळ्या बाजूच्या पाकळ्या, लहानसे फूल आणि फुलाच्या मानाने फार मोठा सुवास, असे तिचे मूळ रूप होते. पुढची जवळजवळ पावणेदोनशे वर्षे या फुलात फारसा बदल झाला नाही. गुलाबी-पांढरे, पांढरे, लाल, जांभळे असे मोजकेच रंग बागांमध्ये होते. सुवासासाठी लोक कुंपणाशी चार वेली लावत, पण प्रदर्शनात बक्षीस मिळवणारे फूल म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नव्हते.

बागेतच झालेले शिक्षण

हेन्री एकफर्ड यांचा जन्म १७ मे १८२३ रोजी स्कॉटलंडमध्ये एडिनबरोजवळ झाला. किशोरवयातच ते उत्तरेकडच्या ब्युफोर्ट कॅसल या सरदार घराण्याच्या वाड्याच्या बागेत उमेदवारीला लागले. त्या काळी स्कॉटलंडच्या बागा म्हणजे माळीकामाच्या कडक शाळाच होत्या. खत कालवणे, रोपे तयार करणे, काचघरातली ऊब सांभाळणे, फळझाडे भिंतीला बांधून वाढवणे ही कामे वर्षानुवर्षे करत मुलगा माळी होत असे. उमेदवारी संपल्यावर स्कॉटलंडमधल्या आणखी काही बागांत काम करून एकफर्ड १८४७ मध्ये लंडनला आले. १८५४ मध्ये अर्ल ऑफ रॅडनर यांच्या कोलशिल येथील वाड्याचे ते मुख्य माळी झाले.

कोलशिलला त्यांनी अनेक वर्षे काढली. मुख्य माळ्याचे काम म्हणजे बारा महिने तेरा काळ जबाबदारी. घराला भाजी आणि फळे पुरवायची, जेवणाच्या टेबलावर फुले पोहोचवायची, हाताखालची माणसे सांभाळायची. या सगळ्यातून वेळ काढून एकफर्ड फुलांचे संकर करू लागले. व्हर्बिना, पेलार्गोनियम आणि डालिया या त्या काळच्या लोकप्रिय फुलांचे नवे वाण त्यांनी तयार केले. एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलावर घालायचा, मिळालेले बी वेगळे ठेवायचे, पुढच्या वर्षी त्यातून काय उगवते ते नीट पाहायचे आणि नको असलेली रोपे न कचरता उपटून टाकायची, ही शिस्त त्यांच्या हाताला इथेच लागली.

मनोविकारतज्ज्ञाच्या बागेत

कोलशिल सोडल्यावर एकफर्ड डॉ. विल्यम सँकी यांच्याकडे आले. सँकी हे त्या काळचे नामवंत मनोविकारतज्ज्ञ. लंडनजवळच्या हॅनवेल येथील मोठ्या मनोरुग्णालयात त्यांनी काम केले होते आणि पुढे ते स्वतःचे खासगी रुग्णालय चालवत होते. आधी ग्लॉस्टरशरमधल्या सँडीवेल येथे आणि नंतर श्रॉपशरमधल्या बोरिॲटन पार्क येथे. सँकी यांना फुलांची आवड होती. माळ्याने नेमून दिलेल्या कामापलीकडे जाऊन प्रयोग करावेत, याला त्यांची हरकत नव्हती. एकफर्ड यांच्यासारख्या माणसाला याहून अधिक काही नको होते.

इथे असताना, १८७९ च्या सुमारास, त्यांनी स्वीट पीकडे लक्ष वळवले. तेव्हा त्यांचे वय ५६ होते. डालियासारख्या फुलांवर काम करणारे अनेक जण होते, पण स्वीट पीला फारसे कोणी हात लावलेला नव्हता. त्यामागे एक कारण होते आणि ते या फुलाच्या रचनेतच दडलेले आहे.

मिटलेल्या कळीतले काम

स्वीट पीच्या फुलाला पाच पाकळ्या असतात. मागे झेंड्यासारखी उभी राहणारी एक मोठी पाकळी, दोन्ही बाजूंना पंखांसारख्या दोन आणि मधोमध एकमेकींना चिकटून होडीचा आकार धरणाऱ्या दोन. या होडीच्या आत दहा पुंकेसर आणि एक स्त्रीकेसर बंद असतात. कळी पूर्ण उमलण्याआधीच आतले पराग सुटतात आणि त्याच फुलाच्या स्त्रीकेसरावर पडतात. म्हणजे फूल उमलून मधमाशीपर्यंत त्याचा वास पोहोचेपर्यंत आतले काम उरकलेले असते. त्यामुळे शेजारी शेजारी लावलेले दोन वाणही सहसा आपोआप मिसळत नाहीत. जातीची शुद्धता राखायला हे सोयीचे आहे, पण नवे काही घडायला फार अडचणीचे.

संकर करायचा तर माणसालाच या बंद दारातून आत जावे लागते. कळी अजून कोवळी असतानाच होडीसारखी पाकळी हलक्या हाताने उघडायची. पराग सुटण्याआधी दहाच्या दहा पुंकेसर चिमट्याने काढून टाकायचे. स्त्रीकेसराला धक्का लागता कामा नये. मग दुसऱ्या निवडलेल्या फुलाचा पराग आणून त्यावर ठेवायचा आणि त्या फुलावर खूण करायची. एवढे करून शेंग धरली तर त्यातून हाती लागणार मोजके दाणे.

खरी परीक्षा पुढेच असते. संकराच्या बियांतून उगवलेली पहिली पिढी बहुधा एकसारखी दिसते. दुसऱ्या पिढीत मात्र आजी-आजोबांचे सगळे गुण सुटे होऊन निरनिराळ्या जोड्यांनी बाहेर पडतात. शेकडो रोपांत एखादेच मनासारखे निघते. त्याचे बी पेरले तर त्यातही पुन्हा भेसळ दिसते. फूल स्वतःचेच पराग घेत असल्याने ही भेसळ दर पिढीला साधारण निम्म्याने कमी होत जाते. त्यामुळे वाण स्थिर व्हायला चार-पाच पिढ्या सहज जातात आणि स्वीट पीची पिढी म्हणजे एक वर्ष. साठीकडे झुकलेल्या माणसाने असे काम हाती घेणे म्हणजे स्वतःच्या आयुष्याच्या हिशेबाने मोठीच जोखीम होती.

हे गणित ग्रेगोर मेंडेल यांनी साध्या वाटाण्यावर मांडून १८६६ मध्ये छापलेही होते. पण तो निबंध दुर्लक्षित पडून होता. एकफर्ड यांच्याकडे होती ती नजर, चिकाटी आणि नापास झाडे उपटण्याची हिंमत. १८८२ मध्ये त्यांच्या ‘ब्राँझ प्रिन्स’ या स्वीट पीला रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचे प्रथम श्रेणीचे प्रमाणपत्र मिळाले. या फुलातून काहीतरी नवे निघू शकते, हे बागवानांच्या जगाला त्या दिवशी कळले.

पासष्टाव्या वर्षी स्वतःची जमीन

१८८८ मध्ये एकफर्ड यांनी नोकरीचा मार्ग सोडला. श्रॉपशरमधल्याच वेम या छोट्या गावात त्यांनी जमीन घेतली आणि बियाण्यांचा स्वतःचा व्यवसाय सुरू केला. तेव्हा ते ६५ वर्षांचे होते. तोपर्यंतची त्यांची प्रत्येक वेल दुसऱ्याच्या मातीत वाढली होती. आता बाग स्वतःची होती आणि तोटा झाला तर तोही स्वतःचाच.

वेममध्ये त्यांच्या कामाने वेग घेतला. फूल मोठे झाले आणि मागची पाकळी रुंद व ताठ झाली. दांडीवर पूर्वी दोन-तीन फुले येत, तिथे तीन-चार येऊ लागली. रंगांची तर रांगच लागली. ‘काउंटेस ऑफ रॅडनर’ हे फिक्या जांभळट रंगाचे वाण त्यांच्या जुन्या मालकांच्या घराण्याची आठवण ठेवणारे. ‘ब्लांश बर्पी’ हे पांढरे वाण अमेरिकेतल्या बर्पी या बियाणे व्यापाऱ्याच्या पत्नीच्या नावाचे. ‘लेडी ग्रिझेल हॅमिल्टन’ फिके जांभळे, ‘किंग एडवर्ड द सेव्हन्थ’ गडद लाल, ‘डोरोथी एकफर्ड’ शुभ्र पांढरे. या मोठ्या फुलांच्या वर्गाला पुढे ‘ग्रँडिफ्लोरा’ हे नाव पडले. रूप बदलले तरी मूळ सिसिलियन फुलाचा सुवास त्यांतल्या बहुतेकांनी टिकवला होता.

बियाणे विकणाऱ्याची एक वेगळी अडचण असते. स्वीट पीला शेंग धरली की वेल सगळे अन्न दाण्यांकडे वळवते आणि नवी फुले देणे थांबवते. म्हणून फुले हवी असणारा माणूस रोज फुले खुडतो, एकही शेंग धरू देत नाही. बी हवे असणाऱ्याला मात्र सर्वांत सुंदर फूल वेलीवरच वाळू द्यावे लागते. एकफर्ड यांना दोन्ही हवे होते. प्रदर्शनात मांडायला फुले आणि पुढच्या वर्षी पेरायला बी. त्यासाठी जास्त झाडे लावायची आणि कोणत्या झाडाकडून काय घ्यायचे ते आधीच ठरवायचे, याला पर्याय नव्हता.

प्रदर्शनाची वेल कशी घडते

एकफर्ड यांच्या फुलांमुळे स्वीट पीच्या स्पर्धांचे एक वेडच इंग्लंडमध्ये पसरले. १९०० च्या त्या द्विशताब्दी प्रदर्शनातूनच नॅशनल स्वीट पी सोसायटी स्थापन झाली. सरळ, लांब दांडी, तिच्यावर सारख्या अंतरावर एकाच दिशेला तोंड करून बसलेली चार किंवा अधिक फुले, पाकळीवर डाग नाही आणि गुच्छातल्या सगळ्या दांड्या सारख्या, अशा फुलांना बक्षिसे मिळू लागली. अशी फुले मिळवण्यासाठी वेलीला वळण लावण्याची पद्धतही पुढच्या काळात काटेकोर होत गेली.

प्रदर्शनासाठी स्वीट पी लावणारा माणूस तिथल्या ऑक्टोबरमध्येच बी कुंड्यांत पेरतो. रोपे काचेच्या पेटीत हिवाळा काढतात. दोन पाने फुटली की शेंडा खुडतात, म्हणजे खालून जोमदार फुटवे येतात. दरम्यान बागेत खोल चर खणून त्यात कुजलेले शेणखत भरून ठेवतात. वसंताच्या सुरुवातीला रोपे तिथे लावून प्रत्येक रोपाशी माणसापेक्षा उंच काठी रोवतात. सर्वांत जोमदार एकच फुटवा ठेवून बाकीचे काढून टाकतात. त्यानंतर आपल्याकडचे टोमॅटो किंवा द्राक्ष उत्पादक जशी बगलफूट काढतात, तशी प्रत्येक पानाच्या बगलेतली फूट काढावी लागते. तणावेही खुडतात, कारण ते शेजारच्या फुलाच्या दांडीला विळखा घालून ती वाकडी करतात. तणावे गेल्याने वेल स्वतः चढू शकत नाही, म्हणून दर काही दिवसांनी तिला काठीला हलकेच बांधावे लागते.

वेल काठीच्या टोकाला पोहोचली की सगळे बंध सोडून ती अलगद जमिनीवर आडवी करतात आणि तिचा शेंडा ओळीतल्या पुढच्या एखाद्या काठीवर पुन्हा चढवतात. त्यामुळे फुले हाताशी राहतात आणि दांड्याही लांब मिळतात. रात्री अचानक थंडी पडली किंवा ऊन कमी झाले, तर कळ्या पिवळ्या पडून गळतात. एवढे सगळे करूनही प्रदर्शनाच्या सकाळी हव्या त्या अवस्थेतली फुले वेलीवर असतीलच, याची खात्री नसते.

आपल्याच फुलाने टाकले मागे

१८९६ मध्ये एकफर्ड यांनी ‘प्रायमा डोना’ हे फिक्या गुलाबी रंगाचे वाण बाजारात आणले. ते फूल अनेक बागांत पोहोचले. त्यांपैकी एक बाग होती अर्ल स्पेन्सर यांच्या ऑल्थॉर्प येथील वाड्याची. पुढे ज्या घराण्यात राजकन्या डायना जन्मल्या, तेच हे घराणे. तिथले मुख्य माळी सायलस कोल यांना आपल्या गुलाबी स्वीट पीमध्ये एक वेगळीच वेल दिसली. तिचे फूल अधिक मोठे होते आणि पाकळ्यांच्या कडा लाटांसारख्या दुमडलेल्या होत्या. कोल यांनी १९०१ मध्ये नॅशनल स्वीट पी सोसायटीच्या लंडनच्या प्रदर्शनात ते फूल ‘काउंटेस स्पेन्सर’ या नावाने मांडले आणि पाहणाऱ्यांचे डोळे तिथेच खिळले. जवळपास त्याच काळात केंब्रिजजवळच्या हिस्टन गावातल्या विल्यम अन्विन यांनाही ‘प्रायमा डोना’मध्येच लाटदार पाकळ्यांची वेल सापडली.

‘काउंटेस स्पेन्सर’चे बी १९०४ मध्ये विकायला आले तेव्हा त्यातून भलतेसलते रंग उगवले, कारण वाण अजून स्थिर झालेले नव्हते. बागवानांनी त्या भेसळीतूनच नवे लाटदार वाण निवडून काढले. काही वर्षांतच प्रदर्शनाची टेबले स्पेन्सर वर्गाच्या फुलांनी भरली. १९११ मध्ये लंडनच्या एका दैनिकाने स्वीट पीच्या सर्वोत्तम गुच्छाला १००० पौंडांचे बक्षीस लावले, तेव्हा देशभरातून ३८,००० प्रवेशिका आल्या.

एकफर्ड यांनी २० वर्षे खपून घडवलेली फुले प्रदर्शनाच्या मापात लहान आणि साधी ठरली, तीही त्यांच्याच वेलीतून निघालेल्या फुलापुढे. मात्र निवडीचा एक नियम इथे दिसतो. परीक्षक आकार आणि लाट पाहून गुण देत होते, म्हणून पिढ्यानपिढ्या तेच गुण निवडले गेले. टेबलावर वासाला तेवढा भाव नव्हता आणि अनेक नव्या वाणांत तो हळूहळू ओसरत गेला. माणूस जे मोजतो ते वाढते आणि जे मोजायचे राहते ते हातून निसटते, हे पिकांच्या बाबतीतही वारंवार घडलेले आहे. उत्पादनासाठी निवडलेल्या टोमॅटोची चव का हरवली, या प्रश्नाचे उत्तरही बरेचसे इथेच आहे.

१९०५ मध्ये एकफर्ड यांना रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचे व्हिक्टोरिया मेडल ऑफ ऑनर हे मानाचे पदक मिळाले. त्याच वर्षी ५ डिसेंबरला, वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

बागेतून प्रयोगशाळेत

ज्या १९०० साली क्रिस्टल पॅलेसमध्ये एकफर्ड यांची फुले मांडली होती, त्याच वर्षी मेंडेल यांचे विस्मृतीत गेलेले काम युरोपातल्या शास्त्रज्ञांना पुन्हा सापडले. केंब्रिजचे विल्यम बेटसन, एडिथ साँडर्स आणि रेजिनाल्ड पनेट यांनी ते नियम तपासण्यासाठी जी झाडे निवडली, त्यांत स्वीट पी होती. त्यांनी दोन पांढऱ्या फुलांच्या वेलींचा संकर केला आणि निघाली रंगीत फुले, थेट सिसिलीच्या जुन्या फुलासारखी. पुढच्या पिढीत १६ झाडांमागे साधारण ९ रंगीत आणि ७ पांढरी निघाली. रंग तयार व्हायला दोन वेगवेगळी जनुके लागतात आणि दोन्ही पांढऱ्या पालकांत एकेक वेगळे जनुक निकामी होते, हे यातून उमगले. फुलाचा रंग आणि परागकणाचा आकार ही लक्षणे एकमेकांना धरून पुढच्या पिढीत जातात, हेही त्यांना १९०५ मध्ये दिसले. जनुके गुणसूत्रांवर शेजारी शेजारी बसलेली असतात, या पुढच्या शोधाची ही पहिली चाहूल होती.

या फुलाने वैद्यकालाही एक धडा दिला. स्वीट पीच्या शेंगा दिसायला वाटाण्यासारख्या असल्या तरी तिचे बी विषारी आहे. १९३० च्या दशकात हे बी खाऊ घातलेल्या उंदरांच्या पाठीचे कणे वाकले. पुढे त्यातला विषारी घटक वेगळा केला गेला. शरीरातल्या कोलॅजेनचे धागे एकमेकांना घट्ट बांधणाऱ्या विकराला तो अडवतो, असे आढळले. हाडे आणि रक्तवाहिन्यांच्या भिंती कशामुळे मजबूत राहतात, हे समजायला त्याची मदत झाली. विदर्भात परिचित असलेली लाखोळीची डाळ याच लॅथिरस प्रजातीतली. तिच्यातला विषारी घटक मात्र वेगळा आहे. दुष्काळात महिनोन्‌महिने मुख्यतः तीच डाळ खाल्ली, तर तो मज्जासंस्थेवर घाव घालून पाय लुळे करू शकतो.

वेम गावाने एकफर्ड यांना विसरू दिलेले नाही. त्यांच्या नावाची स्वीट पी सोसायटी तिथे दरवर्षी या फुलांचे प्रदर्शन भरवते. वासाच्या ओढीने जुने वाण पुन्हा शोधणारे बागवानही आता वाढले आहेत आणि ‘डोरोथी एकफर्ड’ किंवा ‘लेडी ग्रिझेल हॅमिल्टन’चे बी आजही विकत मिळते. महाराष्ट्रात ही वेल थंडीतली. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बी रात्रभर भिजवून, भरपूर ऊन मिळेल अशा जागी पेरले की हिवाळ्यात फुले येतात. फुले रोज खुडावीत आणि घरात लहान मुले असतील तर शेंगा वेलीवर राहू देऊ नयेत. पुढच्या वर्षासाठी बी ठेवायचेच असेल तर एकफर्ड ठेवत तसे एखाद्याच वेलीवर राखावे आणि खाण्याच्या कडधान्यांपासून दूर, नाव लिहून बंद डबीत ठेवावे.